एकोणीस नंबरची हजेरी

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक सायली हिचा ऑगस्टमध्ये फोन आला. "अविनाशकाका, युरोप टूर्सवर लिहा ना. एकदम लाइट. आर्ट, कल्चर, गमतीजमती. फक्त प्लीज, हॉटेलच्या ब्रेकफास्टवर तीन पानं नकोत." मी हो म्हणालो आणि पुढचे दोन आठवडे कागदाला हात लावला नाही. कारण या विषयावर लिहायचं तर सायलीलाच एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मी सहा वर्षं लपवून ठेवली आहे.

सहा वर्षांपूर्वी सायलीचे वडील माझ्या टूरवर इटलीला आले होते. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ती माझी ओळख करून देते ती अशी: "हे अविनाशकाका. यांनी युरोपात माझ्या बाबांचा हात एक मिनिटसुद्धा सोडला नाही." लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी प्लेटमधल्या बटाटेवड्याकडे बघतो.

तर सायली, हा लेख संपादक म्हणून वाचशील तेव्हा मुलगी म्हणूनही वाच. शेवटपर्यंत वाच, आणि मधेच उठून कराडला बाबांना फोन लावू नकोस.

आता ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी. जर्सी सिटीत राहून मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. मग एका मंगळवारी मला काचेच्या खोलीत बोलावून सांगण्यात आलं की आता माझी गरज नाही. पन्नाशी उलटलेल्या टेस्टरला नवी नोकरी कोण देणार? माझा एक मित्र अमेरिकेतल्या मराठी मंडळींना, विशेषतः त्यांच्याकडे राहायला आलेल्या आईवडिलांना, युरोप दाखवून आणायचा. तो म्हणाला, टूर लीडर हो. मी म्हणालो, "अरे, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही." तो म्हणाला, "चित्रं म्युझियममध्ये असतातच. तुला फक्त माणसं आत न्यायची आणि तेवढीच बाहेर काढायची."

या धंद्याची याहून चांगली व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही. लोकांना वाटतं टूर लीडर म्हणजे इतिहासाचा जाणकार. प्रत्यक्षात त्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: पुढचं स्वच्छतागृह कुठे आहे, दही कुठे मिळतं आणि कोणत्या काकूंना कोणत्या काकूंच्या शेजारची खोली द्यायची नाही. मी बारा वर्षं या ज्ञानावर निभावून नेली. फ्लॉरेन्सबाहेरच्या एका भारतीय हॉटेलच्या पंजाबी मालकाला मी चार टूरमध्ये वरणात गूळ घालायला शिकवलं. इटालियन संस्कृतीला माझं एवढंच योगदान.

चित्रं समजावून सांगायला तिथले परवाना असलेले गाईड असतात. ते इंग्रजीत बोलणार आणि मी आमच्या ज्येष्ठांसाठी मराठीत सांगणार, अशी पद्धत होती. गाईड बाई एखाद्या चित्राबद्दल पाच मिनिटं हात हलवून बोलायच्या. त्यातलं मला निम्मं ऐकू यायचं आणि त्यातलं निम्मं कळायचं. मग मी माझ्या पदरचं घालायचो. ॲमस्टरडॅममध्ये काळे कोट घातलेल्या, गंभीर चेहऱ्याच्या व्यापाऱ्यांचं एक समूहचित्र होतं. मी ठोकून दिलं, "ही त्यांच्या मंडळाची कार्यकारिणी. डावीकडचा खजिनदार. मागे जो अर्धा दिसतोय त्याला यंदा तिकीट मिळालेलं नाही." मंडळी खूश. गाईड बाईंनाही वाटायचं, मराठी ही फारच रसाळ भाषा असावी.

व्हिएन्नात मी याहून मोठी कामगिरी केली. एका मैफिलीत व्हायोलिनवादकाने अशी काही जागा घेतली की मला राहवलं नाही, आणि नाटकाला बसल्यासारखा मी दणदणीत आवाजात ओरडलो, "वन्स मोअर!" सभागृहातली सगळी डोकी वळली. माझ्या चोवीस माणसांनी एकजात मान खाली घातली, जणू आम्ही वेगवेगळ्या ग्रहांवरून आलो होतो. वादकाने मात्र धनुकली उंचावून मला अभिवादन केलं. त्या रात्री जेवताना एकही जण माझ्या टेबलावर बसला नाही.

हे सगळं सांगतोय ते अशासाठी, की माझ्या हाती सायलीने आपले वडील दिले तेव्हा ते कोणत्या माणसाच्या हाती दिले, हे कळावं.

शिंगटे सर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. कराडजवळच्या एका हायस्कुलात पस्तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सडपातळ, कमी बोलणारे, डोक्याला पांढरी सुती टोपी, खिशात वही आणि पेन्सिल. पत्नी गेल्यावर सायली त्यांना सहा महिन्यांसाठी जर्सी सिटीला घेऊन आली होती. नेवार्कच्या विमानतळावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, एकच सांगते. बाबांना एकटं सोडू नका. आई गेल्यापासून ते कुठेही बसले की बसूनच राहतात. तासन्‌तास. मला भीती वाटते हो." तिचे डोळे भरून आले होते. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "सायली, तू निर्धास्त राहा." हे वाक्य मी प्रत्येक टूरला पाच-सहा जणांना म्हणायचो.

माणसं हरवू नयेत म्हणून माझी एक पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. प्रत्येकाला नंबर. बस सुटण्याआधी मी माईकवर "हजेरी!" म्हणायचो आणि मंडळींनी आपापला नंबर ओरडायचा. एक, दोन, तीन, थेट चोवीसपर्यंत. जो उशिरा येईल त्याने माईकवर गाणं म्हणायचं. सरांचा नंबर एकोणीस होता. पहिल्या चार दिवसांत सरांना दोनदा उशीर झाला, कारण ते कुठे ना कुठे वहीत काहीतरी रेखाटत उभे राहायचे. दोन्ही वेळा मी त्यांना गाणं म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा ते माईक धरून नुसतेच उभे राहिले. मग कसंबसं प्रार्थनेचं एक कडवं म्हणून खाली बसले. मी टाळ्या वाजवायला लावल्या. त्यांचा लालबुंद झालेला चेहरा मी पाहिला होता, आणि तरी मला वाटलं, काय मजा आली.

पाचव्या दिवशी आम्ही फ्लॉरेन्समध्ये होतो. तिथे एका जुन्या मठाचं आता संग्रहालय केलं आहे. तो मठ माझ्या यादीत होता त्याचं कारण कला हे नव्हतं. तिथे गर्दी कमी आणि स्वच्छतागृहं उत्तम. गाईड लागत नसे, पाऊण तासात उरकायचं आणि बाराच्या ठोक्याला बसकडे. त्याप्रमाणे मी छत्रीच्या टोकाला बांधलेला भगवा रुमाल उंच धरून पुढे, मंडळी मागे. वरणभाताची वेळ झाली की मराठी माणूस रांगेत फार शिस्तीत चालतो.

बसमध्ये हजेरी झाली. "सतरा!" "अठरा!" "एकोणीस!" "वीस!" चोवीसच्या चोवीस हजर. बस सुटली.

शहराबाहेरच्या त्या हॉटेलात चोवीस ताटं मांडलेली होती. सगळे बसले आणि एका ताटासमोर कोणीच नव्हतं. जेवणाला खोटी हजेरी लागत नाही. मी म्हणालो, "हात धुवायला गेले असतील." सरांची बॅग बसमध्ये शेवटच्या सीटवर होती आणि त्यांचा फोन बॅगेत होता. सर मात्र नव्हते.

"पण एकोणीस कोण म्हणालं?" मी ओरडलो.

कोपऱ्यातून मंदार उठला. हा अमेरिकेतल्याच बेलव्ह्यू शहराचा, चाळिशीचा, मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, मी म्हटलं. प्रॉक्सी मारली."

"काय?"

"अहो, कॉलेजची सवय यार. पुण्याला इंजिनिअरिंगला चार वर्षं आम्ही हेच केलं. सर दिसले नाहीत, म्हटलं तुम्ही परत त्यांना गाणं म्हणायला लावणार. बिचारे किती ऑकवर्ड होतात. आणि खिडकीतून मला त्यांची पांढरी टोपी येताना दिसली हो! म्हटलं आलेच, मागे जाऊन बसतील. मग माझा डोळा लागला."

ती टोपी कोणा दुसऱ्याची होती. मी मंदारवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्या वाक्यात थांबलो. त्या पोराने, म्हणजे चाळिशीच्या गृहस्थाने, सरांना वाचवायला नंबर सांगितला होता. वाचवायचं होतं ते माझ्यापासून.

मंडळींना मंदारच्या हवाली करून मी टॅक्सीत बसलो. शहात्तर वर्षांचा माणूस, फोन नाही, इटालियन नाही, हॉटेलचा पत्ता नाही. माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते लिहीत नाही. तेवढ्यात फोन वाजला. सायली. जर्सी सिटीत सकाळचे सात वाजले होते, मॅनहॅटनच्या ट्रेनला निघण्याआधी ती रोज वडिलांची चौकशी करायची.

"काका, बाबांचा फोन लागत नाहीये. बरे आहेत ना?"

"एकदम मजेत!" मी म्हणालो.

"काय करतायत?"

"चित्र बघतायत."

"द्या ना जरा."

"आत फोन चालत नाही गं. मी जरा बाहेर आलोय."

"तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे," ती म्हणाली. मी फोन ठेवला. टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

मठ दुपारीच बंद होतो, त्याला अर्धा तास होता. मी छत्रीसकट आत धावलो. खालचं अंगण पाहिलं, स्वच्छतागृहं पाहिली, मग धापा टाकत दगडी जिना चढलो. जिन्याच्या तोंडाशी समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र आहे. त्याच्यासमोर बाकावर, मांडीवर वही घेऊन, शिंगटे सर बसले होते.

"सर!" मी जवळजवळ रडतच म्हणालो. "तुम्ही हरवलात! बस गेली!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मी कुठे हरवलो? मी इथंच हाय. गेलात तुम्ही." मग माझी अवस्था बघून म्हणाले, "बसा. त्या पुढच्या बाकावर. पाणी पिऊन घ्या. आन दोन मिनिटं हलू नका."

मी बसलो. हलण्याचं त्राणही नव्हतं. मागे सरांची पेन्सिल कागदावर चालत होती. समोर चित्र होतं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच चित्राकडे बघण्यावाचून मला दुसरं काही काम नव्हतं.

इथे एक कबुली. त्या मठात मी नऊ वेळा गेलो होतो. नऊही वेळा याच जागी उभा राहिलो होतो, पण त्या भिंतीकडे पाठ करून. जिन्यावरून वर येणारी डोकी मोजायला ती जागा फार सोयीची होती.

एक देवदूत मेरीला, म्हणजे येशूच्या आईला, तुला मुलगा होणार असा निरोप सांगायला आला आहे, एवढं मला ठाऊक होतं. सर पाठीमागून म्हणाले, "पंख बघितले का?"

"हो. छान आहेत."

"रंग सांगा."

मी नीट पाहिलं. पिवळा, तांबूस, हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचे. मोराच्या जवळपास जाणारे.

"माझ्या शाळेत एक जुनं पुस्तक होतं," सर म्हणाले. "त्यात हे चित्र, काडेपेटीएवढं, काळं-पांढरं. पस्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, देवदूताचे पंख पांढरेशुभ्र असतात. किती पोरं शिकून गेली असतील? सगळ्यांना मी चुकीचं सांगितलं. आज वर आलो, समोर हे! पाय हलेना मग. तुमचा रुमाल जाताना दिसला मला. हाक मारावी वाटली, पण म्हटलं जाऊ दे. शिक्षा तरी काय? गाणं म्हणावं लागेल. म्हणू की."

मी त्यांना खजिनदार आणि कार्यकारिणीबद्दल सांगितलं. ते खळखळून हसले. "तुम्ही तर माझ्यावर कडी केलीत. एलिमेंटरी दिली होती का शाळेत?"

महाराष्ट्रात शाळा केलेल्यांना ही चित्रकलेची सरकारी परीक्षा आठवत असेल. मी म्हणालो, "नापास झालो, सर. स्थिरचित्रात. टेबलावर तांब्या आणि दोन केळी होती. केळ्यांमागे तांब्याचा खालचा भाग झाकला गेला होता. मी तांब्या पूर्ण काढला."

"का?"

"तांब्याला बूड असतं, हे मला माहीत होतं."

"बरोबर," सर म्हणाले. "माहीत होतं ते काढलंत. दिसलं ते काढलं नाही. आता दिसतंय ते सांगा. ऐकलेलं नको."

आणि मी सांगू लागलो. त्या पंधरा मिनिटांत मी जेवढं पाहिलं तेवढं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. देवदूत थोडा वाकलाय आणि तीही वाकलीय, मान देणारे दोघेही. दोघांनी हात सारखेच छातीशी धरलेत. खोलीत सामान काही नाही, एक साधं लाकडी आसन. मग मी तिच्या चेहऱ्याकडे आलो आणि थांबलो. त्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही. मोठी बातमी आली आहे आणि नाही म्हणायची सोय नाही, असा तो चेहरा होता. त्या मंगळवारी काचेच्या खोलीत मीही हात असेच छातीशी घेऊन बसलो होतो, हे मला तेव्हा आठवलं. मी ते सरांना सांगितलं. घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सांगताना रडलो, हेही लिहून टाकतो.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "आमची ही गेल्यापासून मी बसून राहतो, असं सायली म्हणते ना तुम्हाला? खरं आहे. पण आज मी बसून नव्हतो. आज बघत होतो. फार दिवसांनी." मग त्यांनी वही मिटली. "तिला यातलं सांगू नका. बाबा हरवले, एवढंच ऐकेल ती. परत कुठं एकट्याला जाऊ देणार नाही मला."

मी शब्द दिला.

आम्ही हॉटेलवर पोहोचलो तेव्हा मंडळी भेंड्या खेळून खेळून थकली होती. मंदार धावत येऊन सरांच्या पाया पडला. बसमध्ये सरांनी स्वतःहून माईक घेतला आणि म्हणाले, "नियमाप्रमाणं ज्याच्यामुळं बस थांबली त्यानं गाणं म्हणायचं. त्या चित्रापाशी पोचायला उशीर यांना झाला. मी तर लवकर गेलो होतो." मी गायलो. ते माझं गाणं ऐकून ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला.

नेवार्कला सायलीने विचारलं, "बाबा, काका होते ना कायम बरोबर?" सर म्हणाले, "होते की. शेवटपर्यंत." म्हणजे त्या दिवशी माझी हजेरी सरांनी लावली.

त्यानंतर मी आणखी दोन वर्षं टूर केल्या. हजेरी ठेवली, गाणं बंद केलं. प्रत्येक शहरात एका चित्रासमोर मंडळींना पंधरा मिनिटं बसवायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, काय दिसतंय? काहींनी तक्रारी केल्या की हा लीडर काही माहिती देत नाही. एका काकूंनी लेखी कळवलं की आधीच्या टूरला फार मनोरंजक माहिती मिळाली होती. ती माहिती घेऊन गेलेल्या शेकडो माणसांची मी मनापासून माफी मागतो. त्यांना मी त्या शहरांतून फिरवून आणलं आणि जे पाहायचं त्याच्या आड स्वतःच उभा राहिलो, याचं मला वाईट वाटतं.

मागच्या गणपतीला सायलीच्या घरी गेलो होतो. तिने दिवाणखान्यात सरांनी दिलेलं एक रेखाचित्र फ्रेम करून लावलं आहे. कमानी, देवदूत, मेरी, आणि पुढे बाकावर पाठमोरा एक जाडा माणूस, खांदे पडलेले, हातात छत्री. ती म्हणाली, "बाबांना विचारलं हा कोण, तर म्हणाले, होता एक हरवलेला प्रवासी. फार घाबरला होता बिचारा." सगळे हसले. मी मोदक तोंडात कोंबला.

लेख लिहायला घेण्याआधी मी सरांना कराडला फोन केला. दिलेला शब्द परत मागितला. ते म्हणाले, "लिहा आता. तसंही गेल्या वर्षी मी एकटाच एसटीनं अजिंठ्याला जाऊन आलो, तेही तिला माहीत नाही." हेही लिहू का, असं विचारायच्या आत फोन कट झाला. सर, माफ करा.

सायली, त्या चित्रातला जाडा माणूस मी आहे. त्या दुपारी तासाभराहून जास्त वेळ तुझे बाबा कुठे आहेत, हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी तुला धडधडीत खोटं सांगितलं होतं. तरी तू माझी जी ओळख करून देतेस ती साफ चुकीची नाही. मठाचा तो दगडी जिना उतरताना माझे गुडघे लटपटत होते, तेव्हा शेवटच्या पायरीपर्यंत एकाने दुसऱ्याचा हात घट्ट धरला होता. कोणी कोणाचा, एवढं फक्त दुरुस्त करून घे.